निरोप कुणाकडे द्यायचा?

हल्ली कुठल्याही वेबसाइटवर नाव नोंदवायला गेलं की मोबाइल नंबर विचारतात, जन्मतारीख विचारतात, तुम्ही यंत्र नाही याची खात्री म्हणून चित्रातले सिग्नल ओळखायला लावतात. मी निमूटपणे सगळं भरते. पण शेवटचं बटण दाबताना दर वेळी चुकल्याचुकल्यासारखं होतं, अर्जात एक रकाना कमी आहे असं वाटत राहतं. तो रकाना सुचलेला माणूस मी एकच पाहिला. त्याची आठवण अशी कुठंही येते, बँकेचा अर्ज भरताना, रेल्वेचं तिकीट काढताना, आणि मग त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं दैनिक सांगलीचं, मालक तिथंच बसत. साताऱ्याला दोन खोल्यांची शाखा होती. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथं नुकतीच लागले होते. मालकांच्या डोक्यात वेबसाइट शिरली. आपल्या भागातली माणसं मुंबईला आहेत, पुण्याला आहेत, आखातात आहेत, त्यांना गावाकडच्या बातम्या रोज वाचता आल्या पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. मात्र वाचायचं तर आधी सभासद व्हायचं, म्हणजे वाचणारे किती ते कळेल. सभासद नोंदणीचा अर्ज बनवायचा आणि बातम्या चढवायचे, काढायचे, सभासदांची यादी सांभाळायचे अधिकार कुणाला ते बसवायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. अधिकार तिघांना द्यायचे ठरले: मालकांना, मला आणि आप्पांना.

आप्पा आमच्याकडे जिल्ह्याचं पान बघत. वय निवृत्तीच्या उंबरठ्यावर, मूळ गाव माण तालुक्यातलं. बोलणं अस्सल गावचं. लिहिताना मात्र एक वेलांटी इकडची तिकडे होणार नाही. तालुक्यांचे वार्ताहर बातम्यांची पाकिटं एस.टी.च्या कंडक्टरकडे देत, ती आणायला आप्पा स्वतः स्टँडवर जात. जाताना कोट घालत. उन्हाळ्यातही. "पाकिटात माणसं असत्यात," असं म्हणत.

मला सगळे नावानं हाक मारत, आप्पा "ताई" म्हणत आणि अहोजाहो करत. मी तेवीस वर्षांची होते. मला आधी वाटलं, थट्टा करतात. नंतर लक्षात आलं की चहा आणून देणाऱ्या मावशींपासून मालकांपर्यंत हा माणूस कुणालाच अरेतुरे करत नाही. बहुतेक मेलेल्या माणसांशी संबंध येत असल्यामुळं हे झालं असावं. कारण आप्पांचं खरं राज्य म्हणजे निधन वार्ता.

निधनाची बातमी आप्पा उभं राहून लिहीत. खुर्ची मागं सारायची, टेबलावर वाकायचं आणि लिहायचं. मी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "आप्पा, पाठ दुखते का?" ते म्हणाले, "न्हाई. माणूस दारात आलंय, बसून कसं बोलायचं?" बातमीत 'मागे मुलगे, सुना, नातवंडे' एवढ्यावर त्यांचं भागत नसे. लेकी कुठं कुठं दिल्या आहेत ते फोन करून विचारत. वडगाव आलं की कुठलं वडगाव, पिंपरी आली की कुठली पिंपरी, हे कळल्याशिवाय बातमी हातावेगळी करत नसत. आणि शेवटी एक ओळ आपल्या पदरची घालत. 'त्यांनी बैलावर कधी हात उचलला नाही.' 'त्यांच्या हातच्या चुलीवरच्या भाकरीसाठी पाहुणे मुद्दाम मुक्काम करीत.' सांगलीहून ती ओळ हमखास कापली जाई. आप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि दोन्हीकडच्यांना त्याची सवय झाली होती.

अशा माणसाला मी पासवर्ड द्यायला गेले. त्यांनी तो ऐकला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला सांगून टाकला. "मी रजेवर असलो तर काम अडायला नको." मी तो बदलला. त्यांनी नवाही सांगितला. तिसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, "आप्पा, हे दार आहे. याला आतून कडी लागते. तुम्ही कडी काढून गावभर हिंडताय." दार म्हटल्यावर त्यांना ते एकदम पटलं. त्या दिवसापासून वेबसाइटच्या सगळ्याच व्यवहाराला ते दार म्हणायला लागले. सभासद केला की दार उघडलं, नाव काढलं की दार लावलं.

अर्जावरून मात्र आमचं वाजलं. मी साधा अर्ज केला होता: नाव, पत्ता, ईमेल. आप्पांनी कागदावर आपला अर्ज लिहून आणला. नाव, मूळ गाव, वाडी, आईवडिलांचं नाव, आणि त्याखाली 'कुणापैकी'. मी म्हणाले, "हा शेवटचा रकाना मी बसवणार नाही."

"का वो? भावकी कळती."

"भावकी नाही कळत आप्पा, जात कळते. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली ती हा रकाना पुसायला घेतली. मला कुणी हे विचारलं असतं तर मी सभासद झाले नसते."

मी बोलून गेले आणि मग घाबरले. नोकरी नवी होती. आप्पांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी तो शब्द खोडला, नुसती रेघ न मारता पूर्ण दिसेनासा होईपर्यंत खोडला. "चुकलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते त्या जागेवर नवीन लिहूनच: 'गावात निरोप कुणाकडे द्यायचा?'

"हे कशाला?" मी विचारलं.

"असावं."

मी बसवला. त्या काळात गावात फोन असे तो किराणा दुकानात, नाहीतर सरपंचाकडे. सभासदही न कुरकुरता भरत. मस्कतला बसलेला माणूस लिही, 'अमुक किराणा, स्टँडसमोर, जयवंताला सांगावे.'

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले. नोंदणी मंजूर करायचं काम त्यांच्याकडे होतं. महिनाभरानं मालकांचा सांगलीहून फोन, दोन-तीनशे अर्ज पडून का आहेत? मी आप्पांचा ड्रॉवर उघडला तर आत पोस्टकार्डांचा गठ्ठा. प्रत्येक अर्जामागं आप्पा त्याच्या गावी कार्ड टाकत होते: 'आपले चिरंजीव आमच्या वेबसाइटचे सभासद होऊ इच्छितात. आपली हरकत नसावी. कळवावे.' आणि उत्तर आल्याशिवाय दार उघडत नव्हते! उत्तरंही येत होती. शिराळ्याच्या एका बाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: 'हरकत नाही, पण त्याला म्हणावं पत्र टाक.' आप्पांनी ते कार्ड तसंच्या तसं टाइप करून त्या मुलाला ईमेलनं पाठवायला लावलं. मालकांनी कार्डं बंद करवली, अर्ज मी एका दुपारी मंजूर केले. पण तो मुलगा पुढं चार महिने आईला दर आठवड्याला पत्र टाकत होता. बाईंनी पुन्हा कार्ड पाठवून कळवलं.

आता मस्कतच्या सभासदाचं सांगते.

हा माणातल्या एका गावचा. तिकडं एका जहाज कंपनीच्या ऑफिसात हिशेबनीस होता. रोज संध्याकाळी काम संपलं की ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर आमचं पान वाचायचा आणि आप्पांना दोन ओळी लिहायचा. पाऊस पडला का, यमाईच्या यात्रेला गर्दी किती होती, मेंढरं चरायला खाली उतरली का. मी ईमेल वाचून दाखवायची, आप्पा तोंडी उत्तर सांगायचे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

एका दुपारी दहिवडीच्या पाकिटातून त्याच्या आईच्या निधनाची बातमी आली. पहाटे गेल्या, सकाळीच अंत्यसंस्कार झाले, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आप्पांनी उभं राहून ती लिहिली आणि दुसरं पाकीट आणायला स्टँडवर गेले. मी नावाकडे बघितलंही नाही. एरवी संध्याकाळचं पान आप्पा परत आल्यावरच चढायचं, त्या दिवशी घाई होती, चढवून टाकलं.

आप्पा परत आले, पडद्यावर बातमी बघितली आणि कोट न काढता त्यांनी सभासदांची यादी उघडली. 'निरोप कुणाकडे' बघून गावच्या दुकानात फोन लावला. "त्याला काय सांगितलंय?" पलीकडून काय आलं ते मला त्यांच्या उत्तरातून कळलं. "शिरेस म्हून सांगितलंय व्हय. बरं केलं. कवा निघतोय? उद्याच्या इमानानं. बरं बरं."

आमच्याकडे लांब असलेल्या माणसाला असंच सांगतात. आई गेली असं कुणी सांगत नाही. तब्येत जास्त आहे, निघ. बाकीचं तो वेशीवर आला की कुणीतरी हाताला धरून सांगतं. तारेच्या काळापासूनची ही रीत. वेबसाइट बसवताना ती माझ्या डोक्यातही आली नव्हती. मालकांच्याही नाही. आप्पांच्या मात्र अर्जाच्या वेळेपासून डोक्यात होती, म्हणून तो रकाना.

"काढते लगेच," मी म्हणाले.

"काढू नगा. मुंबईची भावकी वाचती, त्यांना रक्षाविसर्जनाला यायचंय. त्याचं एकट्याचं दार लावा."

यादीत प्रत्येक सभासदाच्या नावापुढं एक बारीक चौकोन होता. त्यातली खूण काढली की त्या माणसाला आत येता येत नसे. मी खूण काढली. अर्ध्या तासानं फोन वाजला. मस्कतहून. आप्पांनी उचलला.

"आवं, मशीन बिघडलंय सकाळधरनं. दुरुस्तीला माणूस बोलावलाय... व्हय, कळलं मला, तब्येत जास्त हाय म्हून. या तुमी... न्हाई बा. तसलं काय आलं न्हाई माझ्याकडं. माझ्याकडं आल्याशिवाय ऱ्हातंय व्हय?"

वडगाव कुठलं हे कळल्याशिवाय एक ओळ न लिहिणारा माणूस फोनवर सरळ खोटं बोलत होता, आणि त्याच्यासमोर टेबलावर ती बातमी पडलेली होती. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघेनात. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

तेराव्यानंतर तो साताऱ्याला आमच्या ऑफिसात आला. पस्तिशीचा, डोक्यावरचे केस काढलेले. हातात पिशवी. मला वाटलं, आभार मानायला आला आहे. तो दारातूनच म्हणाला, "आप्पा कोण?" आप्पा उठले. त्यानं पिशवीतून साडी काढली आणि टेबलावर ठेवली. निळी, घडी न मोडलेली.

"मी हिच्यासाठी आणली. विमानतळावर घेतली. रंग ठरवायला अर्धा तास उभा होतो. आणि तुम्हाला ठावं होतं."

आप्पांनी साडीखालचे कागद हळूच काढून घेतले.

"मी फोन केलावता तुम्हाला. तुम्हाला ठावं होतं, या बाईंना ठावं होतं, मुंबईत सगळ्यांना ठावं होतं. एकटा मीच येडा."

"व्हय," आप्पा म्हणाले. "माझ्यामुळं. तुमचं दार मीच लावाया सांगितलं."

"का पण?"

"तुमी तितं एकलं होता. एकल्यानं वाचायची बातमी न्हाई ती. एवढंच माझं म्हणणं. चुकीचं आसंल."

तो माणूस भांडायला आला होता. त्यानं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिथंच खुर्चीवर बसून हमसून रडायला लागला. गावात रडला नसावा. तिथं त्याला पाहुणेमंडळींचं बघावं लागलं असणार. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मावशींनी चहा आणला, तो गार झाला, त्यांनी दुसरा आणला. शेवटी त्यानं विचारलं, "आता या साडीचं काय करू?"

"शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"थोरल्या वहिनीनं."

"मग तिची," आप्पा म्हणाले. त्यानं मान हलवली आणि साडी पिशवीत ठेवली. जाताना मला म्हणाला, "माझं दार उघडा." मी त्याच्यादेखत उघडलं.

तेव्हापासून निधनाची बातमी आली की आप्पा आधी सभासदांची यादी बघत. घरचं कुणी बाहेर असलं की दार लावायचं, दिलेल्या ठिकाणी फोन करायचा, निरोप पोचला, माणूस माणसांत आला, असं कळलं की उघडायचं. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. ते चुकीचं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. सभासद होताना कुणी असं कबूल केलेलं नव्हतं की आमच्यापासून बातमी लपवा. पण आप्पांना तसं सांगायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

गाडी अडली ती एका गुरुजींपाशी. वाळव्याकडच्या एका गावात ते तीस वर्षं शिकवत होते, तिथंच वारले. आप्पांनी त्या गावचे सगळेच्या सगळे सभासद बंद केले. तीस-बत्तीस माणसं. मी म्हटलं, "आप्पा, घरच्यांचं ठीक आहे, हे सगळे कोण?" तर म्हणाले, "समद्यास्नी पाटी धरायला त्यांनी शिकवलं. ह्यात घरचं कोण आन् भाईरचं कोण, तुमीच सांगा." तीस-बत्तीस निरोप पोचवायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मुंबईहून, पुण्याहून तक्रारींचा पाऊस पडला. त्यातला एक तर मालकांचा वर्गमित्र निघाला. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला फोनवर सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, मग ते म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. पण लोकांनी काय वाचायचं ते आपण ठरवायचं नाही." सोमवारी सकाळी सांगलीहून फॅक्स आला: आप्पांचा वेबसाइटवरचा अधिकार आजपासून काढण्यात यावा.

आप्पा आता नाहीत. ती वेबसाइटही काही वर्षांत बंद पडली, यादी गेली, सगळ्यांचे निरोप कुणाकडे ते गेलं. मी बंगलोरला असताना एका सिग्नलला रिक्षात बसले होते, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. खाली जोडलेले हात, एकापाठोपाठ एक. रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं. मला कन्नड येत नव्हतं. त्या दिवशी मला त्यांची जेवढी गरज होती तेवढी आयुष्यात कुणाचीच कधी वाटली नाही. अजून वाटते. कुणीतरी आधी यादी बघायला हवी होती. कुणीतरी म्हणायला हवं होतं, ती तिकडं एकटी आहे, थांबा.

पण मला सारखा आठवतो तो तो सोमवार आणि त्यानंतरचे दिवस.

फॅक्स मी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आप्पांचा अधिकार काढला. माझंच बटण, मीच दाबलं. संध्याकाळी ते कोट काढून कॉम्प्युटरसमोर आले, एका बोटानं पासवर्ड टाइप केला. आत जाता येईना. पुन्हा केला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते. मी म्हणाले, "आप्पा, सर्व्हरला काहीतरी झालंय. उद्यापर्यंत होईल."

"व्हय का? बरं. सावकाश होऊ द्या."

मंगळवारी मी म्हणाले, लाइन खराब आहे. बुधवारी म्हणाले, पुण्याहून माणूस यायचा आहे. दरम्यान निधनाच्या बातम्या येत होत्या. ते लिहून माझ्याकडे देत, "ह्यांचा ल्योक सुरतेला असतोय, बगा तेवढं," म्हणत, आणि मी बघितल्यासारखं करत होते. गुरुवारी त्यांनी विचारलंच नाही. मी होऊन सांगितलं, "आज नक्की होईल." घरी जाऊन मला भाकरी गिळेना. आई म्हणाली, ऑफिसात कुणी काही बोललं का? मी तिच्यावरच खेकसले.

शुक्रवारी दुपारी आप्पा आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आले. मावशींना म्हणाले, "तुमी पण जरा थांबा हितं." मावशी कपबशा घेऊन उभ्या राहिल्या. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"ताई, चार दिस झालं तुमचा डबा तसाच परत जातोय. आता मी हितं बसलोय. मावशी हायत्या. तुमी एकल्या न्हाई. सांगा काय ते."

"आप्पा, तुमचं दार मी लावलं," मी म्हणाले. "वरून आलं होतं. मला सांगता येईना."

"कवा?"

"सोमवारी सकाळी."

त्यांनी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, करत शुक्रवारपर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट कुणीतरी अनपेक्षित काही हातावर ठेवावं तसे ते त्या पाच बोटांकडे बघत होते.

"म्हंजी तुमी सांगितलं न्हाई तवर पाच दिस मी आतच हुतो की," ते म्हणाले. "लय झालं, ताई. लय झालं."

मला रडू फुटलं, आणि ते थांबेपर्यंत आप्पा तिथंच बसून राहिले.